ओळख परेडीतला कालदिबेक

कालदिबेकने नऊ वर्षांत एकेचाळीस खून केले आणि एकदाही त्याला कुणी ओळखलं नाही. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटे.

शिमकेंत शहराच्या पलीकडच्या त्या तालुक्याच्या गावात एक नाटकघर होतं, तिथे तो सव्वीस वर्षं नोकरीला होता. खानाच्या दरबारातला भालेवाला, लग्नातला चौथा पाहुणा, रणांगणावरचं प्रेत, अशा भूमिका त्याने गाजवल्या, म्हणजे त्याच्या मते गाजवल्या. नऊ वर्षांपूर्वी टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी ‘माग’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्यातले खरे गुन्हे पोलिसांकडून ऐकायचे आणि नटांकडून पुन्हा करवून दाखवायचे. दिग्दर्शिका गाउहार हिने कालदिबेकला एकदा पाहिलं आणि म्हणाली, “आगा, तुमच्या चेहऱ्यात काहीच नाही. मला असाच खुनी हवा.”

ते खरंच होतं. देवाने त्याचा चेहरा मळून ठेवला होता, पण पुढे काही लाटलाच नव्हता. दर गुरुवारी सगळं घर टीव्हीपुढे बसे. पडद्यावर कालदिबेक कुणाच्या तरी पाठीत सुरा खुपसे आणि त्याची सासू लेकीला विचारी, “कोण गं हा मेला? तोंडावरूनच गुंड दिसतो.”

“अगं आई, तुझा जावई तो.”

“कुठला?”

“एकच आहे ना तुला! हे काय, तुझ्या शेजारी बसलेत.”

सासू वळून त्याला नीट न्याहाळी, पुन्हा पडद्याकडे बघे आणि म्हणे, “छे. तो जरा तरी रुबाबदार आहे.”

या चेहऱ्याचं मोल पोलिसांनाही कळलं होतं. ओळख परेडीत संशयिताच्या शेजारी त्याच्यासारखीच दिसणारी दोन परकी माणसं उभी करावी लागतात. तपास अधिकारी येरदेन याचं कार्यालय नाटकघराच्या समोरच होतं. माणसं कमी पडली की तो रस्ता ओलांडून नट घेऊन जाई. त्यात कालदिबेक पहिला. जाडा म्हटलं तर जाडा, काटक म्हटलं तर काटक, कुठल्याही रांगेत तो खपून जाई. नऊ वर्षांत एकाही साक्षीदाराची नजर त्याच्यावर क्षणभर थांबली नव्हती. येरदेन त्याला प्रेमाने “आमची भिंत” म्हणे. कालदिबेकला वाटे, भिंतीवर निदान लोक कॅलेंडर तरी लावतात.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत झानिबेक नावाच्या टॅक्सीवाल्याचा खून झाला. भर दुपारी एक माणूस त्याच्या दारात आला, घोडा बघायला जायचंय म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. तीन दिवसांनी झानिबेक कालव्यात सापडला. गाडी जळलेली. त्या माणसाला पाहणारी एकच व्यक्ती होती, झानिबेकची आई किमबात-आपा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढाच वेळ तिने त्याला फाटकाशी पाहिलं होतं. मध्यम उंची, पन्नाशीचा, मिशी, कानटोपी.

हे वर्णन ‘माग’कडे गेलं. गाउहारने कालदिबेकला मिशी वाढवायला लावली. त्याने फाटकाशी उभं राहून असं काही हसून दाखवलं की कॅमेरावाल्याच्याही अंगावर काटा आला. गुरुवारी तो भाग लागला, रविवारी पुन्हा लागला.

पुढच्या मंगळवारी येरदेनचा फोन आला. “कालदे-आगा, मोकळे आहात? मध्यम उंची, पन्नाशी, मिशी असा माणूस पाहिजे.”

“मिशी आहे.”

“खरी ना? मागच्या वेळी त्या तुमच्या नाटकघरातल्या पोराची मिशी पंचांसमोर गळून पडली होती.”

“स्वतःची आहे रे बाबा. ओढून बघ.”

खोलीत तिघं उभे राहिले. कायद्याने संशयिताला आपली जागा निवडू देतात. त्याने मधली निवडली. एका बाजूला नाटकघराचा बंबवाला, दुसऱ्या बाजूला कालदिबेक. कारकुनाने कागद वाचायला घेतला, “मयत झानिबेक, साक्षीदार त्याची आई किमबात...”

हे तर कालदिबेकचंच फाटक, ‘माग’मधलं! त्याने बोलायला तोंड उघडलं. येरदेनला सांगायला हवं होतं, की मला काढ, दुसरा आण, पाच मिनिटांचं काम आहे. पण सांगायचं काय? लोक मला ओळखतात म्हणून? सव्वीस वर्षांत कुणी ओळखलं नाही, सासूने ओळखलं नाही, आणि आज हा गडी नट असल्याचा तोरा मिरवतोय, असंच येरदेन म्हणाला असता. कालदिबेकला लाज वाटली. त्याने तोंड मिटलं.

पांढरा रुमाल डोक्याला बांधून किमबात-आपा आत आली. बंबवाल्यावरून तिची नजर सरकली. मधल्या माणसापाशी ती थांबली. त्याने पापणी लववली नाही, पण कालदिबेकला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. म्हातारीचा हात थोडा वर आला. आणि मग तिने कालदिबेककडे पाहिलं.

घशातून एक विचित्र आवाज काढत तिने त्याची कॉलर धरली. “माझ्या पोराला कुठे नेलंस रे? त्याचं जेवण व्हायचं होतं!”

“आपा, मी नव्हे. मी नट आहे, आपा...”

“तू हसलास! फाटकाशी उभा राहून हसलास तू!”

खरा माणूस हसला होता की नाही, कुणास ठाऊक. ते हसू कालदिबेकने स्वतःच्या मनाने घातलं होतं, गाउहारला न विचारता. त्याला अभिमान होता त्याचा.

म्हातारीला बाहेर नेल्यावर येरदेन भिंतीला टेकून उभा राहिला. ओळख परेड एकदाच होते. त्याच साक्षीदाराला तोच माणूस पुन्हा दाखवता येत नाही.

“तो भाग मी पाहिला होता, आगा,” तो म्हणाला. “मीसुद्धा ओळखलं नाही तुम्हाला.”

“दुसरा पुरावा?”

“कालव्यात धुऊन गेला. उरलेला गाडीत जळला.”

मधल्या माणसाने कागदावर सही केली, टोपी घातली, जाताना दार हलकेच लावून घेतलं.

कालदिबेकने मिशी उतरवली आणि आठवड्याने तो किमबात-आपाकडे गेला. तिने त्याला घरात घेतलं, जेवणाच्या दस्तरखानाशी बसवलं. येरदेनने तिला सगळं सांगितलं होतं.

“तू नव्हेस ते कळतंय मला, बाळा,” ती म्हणाली. “पण डोळे मिटले की तूच येतोस. आधी तो दुसरा यायचा. शेजारणींनी मला पुढे बसवलं, म्हणाल्या, बघ, तुझ्या झानिबेकचं दाखवतायत. दोन्ही वेळा बघितलं मी. आता त्या दुसऱ्याचं तोंड आठवायला जाते आणि...” ती खिडकीकडे बघत राहिली. “जरा फाटकाशी उभा राहतोस का? पाठ करून?”

तो गेला. पाठ करून उभा राहिला, मग बाजूला वळून, मग टोपी घालून, मग काढून. थंडीने कान बधिर झाले. काचेमागे तिचा पांढरा रुमाल दिसत होता. बऱ्याच वेळाने तिने आतूनच हाताने जा म्हणून खुणावलं.

मार्चमध्ये नववर्षाचा सण, नौरूझ, आला. नाटकघराच्या अंगणात मोठ्या कढईत सणाचं कोझे, म्हणजे दूध-धान्याची पेज, उकळत होतं, गावातले लोक कलावंतांना भेटायला येत होते. कौतुक म्हणून कुणी गायिकेला रुमाल दिला, कुणी नायकाला टोपी. तेवढ्यात एक माणूस गर्दीतून पुढे आला. काखेत निळ्या मखमलीचा, सोनेरी कशिद्याचा झगा. खरा चपान, खानाला शोभेल असा. तो थेट कालदिबेकपाशी आला, झगा त्याच्या अंगावर चढवला आणि गुंड्याही लावल्या.

कालदिबेकने वर पाहिलं. मधला माणूस.

“वा रे कालदिबेक!” नायक ओरडला. “अखेर चाहता मिळाला म्हणायचा!” सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भरल्या अंगणात चढवलेला चपान कुणी उतरवून परत करत नाही. कालदिबेकचे हात वर उचलले गेले आणि तसेच राहिले. त्या माणसाने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, छाती छातीला लावली आणि कानाशी म्हणाला, “आगा, मी हसलो नव्हतो. पण तुमचं जास्त बरं दिसलं.”

मग त्याने वाटीभर कोझे घेतलं, वर्ष भरभराटीचं जावो म्हणाला आणि निघून गेला.

कालदिबेक चपान घालूनच धावत रस्ता ओलांडून गेला. येरदेन सणाच्या दिवशीही फायली चाळत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेन उचललं.

“हे आणखी कुणी ऐकलं?”

“माझ्या कानात बोलला तो. सगळे टाळ्या वाजवत होते.”

येरदेनने पेन टेबलावर ठेवलं. “बसा आगा,” तो म्हणाला. “आणि तो झगा आधी काढा.”

कालदिबेकला गुंड्या सुटेनात. शेवटी येरदेननेच उठून एकेक सोडवली.