खाणारी पोट्टी

वर्ध्यात मुलांचा दवाखाना चालवता चालवता माझे केस पांढरे झाले, पण "म्याडम, आमचं लेकरू छान जेवते" असं म्हणणारी बाई काही माझ्यासमोर येऊन बसली नाही. पोट्टं काट्यावर ठेवलं की काटा कुरकुरतो, गालांमुळे त्याचे डोळे दिसत नाहीत, एका हातात बिस्किट, दुसऱ्या हातात चिप्सचं पाकीट, आणि आई रडकुंडीला येऊन सांगते, "काहीच खात नाई वो." मी पाकिटाकडे बघते. ती म्हणते, "हे सोडून."

यात थोडी नजरेची भीती असते, हे मला उशिरा कळलं. लेकराचं चांगलं चाललंय हे चारचौघांत बोलायचं नाही. नवीन नवीन असताना मी एका बाळाचं वजन कौतुकानं मोठ्यांदा वाचलं, तर त्याच्या आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते वजन खाऊन टाकणार होते. तिथल्या तिथे बाळावरून हात ओवाळून तिनं कडाकडा बोटं मोडली. तेव्हापासून मी वजन कुजबुजत सांगते.

कॉलेजात असताना मला वाटायचं, आपण भलभलते दुर्मिळ आजार ओळखू, नागपूरचे मोठे डॉक्टर फोन करून आपला सल्ला घेतील. नशिबी आलं ते शेंबूड, जुलाब आणि टॉनिक. त्यात आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आलाय. मी ताटात वरण-भात कालवत असते आणि स्क्रीनवर कुणाच्या तरी लंगोटाचा फोटो येतो, खाली लिहिलेलं, "म्याडम कलर बरोबर आहे का?" कलर बरोबर असतो. बहुतेक वेळा माझ्या वरणाचाच असतो. लग्नाला गेले तर नवरदेव पाया पडतो. मला त्याचं तोंड आठवत नाही, फुटलेला कान आठवतो. आणि त्याची आई भर मांडवात माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अजूनबी काहीच खात नाई."

तर अशाच कापूस वेचणीच्या दिवसांत आंजी गावाहून एक आजी आली. कडेवर तीनेक वर्षांचा नातू, मागे सात-आठ वर्षांची नात. मुलगा आणि सून वावरात, म्हणून दोघांनाही घेऊन निघालेली. नातवाला तिनं माझ्या टेबलावरच बसवलं.

"याले पाहा म्याडम. काहीच खात नाई."

नातू माझ्या स्टेथोस्कोपची नळी चावून बघत होता, म्हणजे भुकेला तोटा नव्हता. मी पोट दाबलं, घसा पाहिला. ठणठणीत पोट्टं. टॉनिकची गरज नाही असं सांगितल्यावर आजीचा चेहरा पडला. टॉनिकशिवाय परत जायचं म्हणजे तिच्या लेखी वर्ध्याची खेप फुकट. मग तिनं मोर्चा नातीकडे वळवला.

नात खुर्ची मोकळी असून दाराजवळ खालीच बसली होती, भिंतीला टेकून.

"मंग हिले तरी सांगा काहीतरी. याच्या वाट्याचं बी हेच खाते. चार भाकरी खाते न पुन्हा मागते. घरात सारे भुक्कडच म्हणतात हिले."

मी हातातला पेन खाली ठेवला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की लेकरू खातं. आणि ज्या लेकराबद्दल सांगत होतं, त्याच्या फ्रॉकच्या गळ्यातून हाडं मोजून घ्यावीत.

"पाणी किती पेते?" मी विचारलं.

"गंज पेते, तांब्यावर तांब्या. मंग रात्री अंथरुणात मुतते. इत्ती मोठी पोट्टी, लाज नाई. सकाळी वाकळीले मुंग्या लागून राह्यतात. झोपताना गूळ चोरून नेत असन, दुसरं काय."

"अजून?"

"कालपासून ओकून राह्यली. इत्तं खाल्ल्यावर ओकीनच ना. म्हणून आज मी जेवालेच नाई देल्लं. जरा वळण लागीन म्हटलं."

मी उठून पोरीजवळ जाऊन बसले. ती खोल खोल श्वास घेत होती, नुकतीच पळत आल्यासारखी. जीभ कोरडी. तोंडाला गोडसर वास, फळ जास्त पिकल्यावर येतो तसा. मी वास घेतेय हे बघून आजी मागून म्हणाली, "केळी खाल्ली असन लपून."

आजी पाठ्यपुस्तकातलं अख्खं पान घडाघडा म्हणून दाखवत होती. इतकं नेमकं उत्तर मी स्वतः परीक्षेत कधी लिहिलं नव्हतं. फक्त तिच्या तोंडी ती लक्षणं नव्हती, पोरीचे गुन्हे होते. मला तिचा भयंकर राग आला.

बोटाला सुई टोचून साखर बघितली. पोरगी हूं की चूं न करता बोट धरून बसली, आणि तिला टोचलेलं बघून भावानंच भोकाड पसरलं. साखर इतकी होती की यंत्रानं आकडा दाखवायचंच सोडून दिलं. लहान मुलांचा मधुमेह. खाल्लेल्या भाकरीची साखर रक्तात फिरत राहते, पण अंगाला लागत नाही. मग भूक संपत नाही, तहान संपत नाही, आणि लेकरू खाता खाता उपाशी मरतं. मुंग्या लघवीतल्या साखरेला लागत होत्या, वास आजाराचा होता. चोरलेला गूळ नाही, चोरलेली केळी नाही.

"आजी, हिले आत्ताच्या आत्ता सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. साखरेचा आजार आहे."

"साखर म्हातारपणी होते," आजी म्हणाली. "तुमी याचं टॉनिक लिहून द्या आधी. आमची एसटी चुकीन."

मी ओरडले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. बाहेर बाकड्यावर बसलेले लोक वेगळं सांगतात. मी म्हटलं, "आज हिले घेऊन आंजीले गेल्या, तर दोन दिवसांत ही पोट्टी राहणार नाई. समजलं काय?"

आजी एकदम खाली बसली. नातीकडे तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मरते?" तिनं विचारलं.

"हाव."

मी सलाईन लावली आणि दोन्ही पोट्टी, आजी सगळ्यांना माझ्याच गाडीत घातलं. बाकड्यावरच्या एका बापानं विचारलं, "मंग आमच्या टॉनिकचं काय?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडीत पोरीचं डोकं आजीच्या मांडीवर होतं आणि सलाईनची बाटली आजीनं वर धरली होती. मी म्हटलं, हात भरून येईन, जरा वेळ खिडकीला अडकवा. तिनं ऐकलं नाही. सेवाग्राम येईपर्यंत तो हात तसाच वर होता. माझा राग काही त्यामुळे गेला नाही, पण थोडा खाली आला.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. आई-बाप वावरातून तसेच आले, केसांत कापूस अडकलेला. मी दवाखाना आटोपून रोज जाऊन बघत होते आणि देवाचं नाव घेत होते, जे मी एरवी फक्त गाडी सुरू होत नसली की घेते. तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली.

मग शिकवणी सुरू झाली. रोज इन्सुलिनची सुई, जन्मभर. आईला पोरीला टोचवेना, म्हणून सुई द्यायला आजी शिकली. मी तिला दहा वेळा बजावलं, "सुई दिली की हिचं ताट आधी. उशीर झाला तर चक्कर येऊन पडीन. कोणासाठी थांबायचं नाई." त्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग नातू, मग बाया, आणि उरलंसुरलं या पोरीला, हे मला ठाऊक होतं. म्हणून जास्तच बजावलं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

काही महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा गाल भरले होते. नातू बाहेर बाकडी चढत होता. आजी नेहमीच्या तक्रारीच्या सुरात सांगत होती, "आता हिचे आबाजी बी हिच्या मागून जेवतात. ताट वाढलं नाई का अजून, काऊन उशीर, म्हणून माह्यावरच भडकतात." तेवढ्यात बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि आजी नातवामागे धावली.

पोरगी खुर्चीवर माझ्याजवळ सरकली.

"म्याडम, हे कधी बरं होईन?"

या प्रश्नाचं उत्तर मी अनेक लेकरांना दिलंय. मी तिचा हात धरला. म्हटलं, "बरं नाई होत बेटा. पण सुई घेतली, टायमावर जेवली, की काहीच होत नाई."

ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे ताट बी कायमच आधी?"

"हो."

"पक्कं बरं नाई होत ना?"

"पक्कं."

ती खुर्चीवरून उडी मारून उतरली आणि दार ढकलून बाहेर पळाली. भरलेल्या बाकड्यांसमोर तिचा आवाज मला आत ऐकू आला, आनंदानं फुललेला. "आजी, म्याडम म्हणतात हे कधीच बरं होत नाई."