हातांवरचं पाणी

केनियातल्या त्या खेड्यात जेवणाआधी धाकट्यांनी थोरांच्या हातांवर पाणी घालायची रीत आहे. आंब्याखाली जमलेल्या मोजक्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची प्रार्थना संपली, मक्याच्या उकडीची परात आली, आणि सर्वांत वयस्क आजोबांनीच तांब्या उचलला. ते नव्या सुनेपुढे वाकले. तिनं हात मागे घेतले.

"बाबा, हे काय!"

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडे हात धुतात. कर पुढे."

तिच्या बोटांवरून पाणी ओघळलं. कुठल्या दूरदेशीची ती गोष्ट, पण जणू याच लाल मातीत घडली होती! मग आजोबा माझ्यापुढे, परक्या पाहुण्यापुढे, आले. आजवर मी देवापुढे हात फक्त जोडले होते. त्या दुपारी पहिल्यांदा पुढे केले.