आमच्या पॅसेंजरची मेट्रो झाली

मी पेडण्याहून मडगावला नोकरीला जाते. इतकी वर्षं सकाळच्या पॅसेंजरने जात होते, हल्ली मेट्रोने जाते. गाडी तीच. पंखे तेच, आणि काच वर केली की हाताने धरून बसावी लागते ती माझी खिडकीही तीच. फक्त बाहेरून निळा रंग मारला, दारावर ठळक अक्षरांत ‘मेट्रो’ लिहिलं, आणि एका मंत्र्याने इंजिनासमोर नारळ फोडून आम्ही आता मोठ्या शहरांच्या पंगतीला बसलो असं जाहीर केलं. टाळ्या वाजवायला आम्ही होतोच. गाडी अडवून भाषण चाललेलं, जाणार कुठे?

डब्यातली निम्मी बाकं काढून वरून कड्या लोंबत सोडल्या. लोकांना बसायला मिळू नये ही प्रगतीची खूण असते, हे मला तेव्हा कळलं. पण खरी सुधारणा थांब्यात झाली. पॅसेंजर पेडण्याला चहा पिऊन होईपर्यंत थांबायची. मेट्रो नुसती टेकते आणि निघते.

तुयेची एक मावशी आमच्या डब्यात असायची. घरी अबोलीचे वळेसर, म्हणजे लांब गजरे, गुंफायचे आणि मडगावच्या बाजारात नेऊन विकायचे, हा तिचा धंदा. कारखान्यात कामाला जाणारी तिची सून तिला स्कूटरने स्टेशनावर सोडायची. एके दिवशी एका पाटीत लग्नाच्या नवरीचे वळेसर होते. ती पाटी मावशीने माझ्या हातात दिली आणि दुसरी आणायला ती स्कूटरकडे वळली. तेवढ्यात मेट्रो हलली. मी दारातून हाका मारल्या, ती धावली, पण साडी सावरून पाटी डोक्यावर घेऊन मेट्रोच्या वेगाशी कोण जुळवून घेणार?

पाटी मांडीवर घेऊन मी बसले. समोर एक गृहस्थ होते. ते मला समजावू लागले, की नवीन सेवेची लोकांना शिस्त लागायला वेळ लागतो, आणि असली ओझी मुळात मेट्रोत आणूच नयेत. मी बाटलीतलं पाणी पाटीवरच्या फडक्यावर शिंपडलं. मावशीला फोन लावला, तो पाटीतच वाजला.

मग शापोऱ्याचा पूल गेला आणि थिवी यायच्या आधी, काजूच्या झाडांत, मेट्रो उभी राहिली. रूळ एकच. समोरून येणारी लांबची गाडी आधी थिवीला बाजूच्या रुळावर लागायची होती, आणि तिला आमचं नाव बदलल्याचं कोणी सांगितलं नसावं. पेडण्याला वाचवलेला सगळा वेळ आम्ही तिथे बसून खर्च केला. वर आणखी उधारही केला. मधूनमधून एक गोड आवाज मेट्रोने प्रवास केल्याबद्दल आमचे आभार मानत होता. मला मात्र ती नवरी दिसत होती, केस बांधून फुलांची वाट बघत बसलेली. समोरचे गृहस्थ खाली उतरून झाडाखाली उभे राहिले. शिस्तीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शेवटी गाडी थिवीला लागली. फलाटावर मावशी दुसरी पाटी घेऊन शांतपणे उभी होती. सुनेने तिला स्कूटरवरून थेट थिवीला आणून सोडलं होतं आणि ती कामावर परतलीही होती. मावशी चढली, माझ्या मांडीवरची पाटी उचलून फुलं हाताने चाचपली आणि म्हणाली, “बाय, तुमची मेट्रो खंय रवली गो? मी मगाशीच येवन पावलंय.”

डबाभर लोक हसले. मी हसले नाही, माझे हात पाटी धरून आखडले होते. मावशीने एक वळेसर तोडून माझ्या केसांत माळला. नवरीची माणसं बाजारात ताटकळत होती, पण फुलं त्यांना ताजी मिळाली, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मी कचेरीत पोचले तेव्हा साहेब घड्याळाखालीच उभे होते. पूर्वी उशीर झाला की ‘पॅसेंजर’ एवढा एकच शब्द पुरायचा, ते मान हलवून आत जायचे. या खेपेला मी मेट्रोचं नाव घेतलं.

“मेट्रो कशी उशिरा येईल?” त्यांनी विचारलं. त्यांनी उद्घाटन टीव्हीवर पाहिलं होतं.

मी केसांतल्या अबोलीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की मला उठायलाच उशीर झाला. ते त्यांना लगेच पटलं.