पावतीवरचं पहिलं नाव

आयकराचा परतावा आला की आमच्या घरी भेळ यायची. दादा, म्हणजे माझे वडील, संगमनेरला बँकेत जाऊन पासबुक छापून आणायचे. परताव्याची ओळ दिसली की स्टँडजवळच्या गाडीवरून ओली भेळ बांधून घ्यायचे आणि दुपारच्या एसटीनं गावी यायचे. परतावा किती, तर हजार-अकराशे. पण ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी, त्यांना रकमेपेक्षा हिशेब बरोबर आल्याचा आनंद जास्त. "सरकारनं आपलं उत्तर तपासलं बघ," म्हणायचे.

ती भेळ आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं, आणि त्याच घासाला संताप येतो.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी ओट्यावर हा हिशेब चाले. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून दादा त्यावर रकाने आखत, बँकेच्या दाखल्यावरचा व्याजाचा एकूण आकडा तसाच उतरवून घेत आणि मला चौथीचं गणित शिकवल्यासारखं मोठ्यानं सांगत. "बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही. मुदत ठेवीच्या व्याजावर कापते, शंभराला दहा. कापला नाही म्हणजे माफ झाला असं समजायचं नाही. दोन्ही व्याजं उत्पन्नात धरायची. मग सवलती वजा. मग कर. मग बँकेनं आधीच कापलेलं वजा. उरलं ते आपलं." मी पाढे म्हणावेत तसं हे पाठ केलं होतं. कुणाला पाळण्यातली गाणी आठवतात, मला हे आठवतं.

आई तेव्हा गोठ्यात असायची. गाई तिच्या. शेण-चारा तिचा, धार तिची, दूध संस्थेच्या मापावर फॅट कमी लागली तर भांडण तिचं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार यायचा, त्यातून घर चालायचं. दिवाळीला संस्था वर्षभराच्या दराचा फरक द्यायची, त्याला मात्र ती हात लावू द्यायची नाही. तो थेट ठेवीत. अशा पावत्या साठत साठत सहा लाखांच्या झाल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या असायच्या, आणि डबा गव्हाच्या कोठीमागं.

एप्रिल लागला की दोघं मिळून बँकेत जायची. ज्याचं उत्पन्न कराइतकं नाही त्यानं तसा फॉर्म भरून दिला की बँक व्याजातून कर कापत नाही. साठीच्या आत पंधरा-जी, साठीनंतर पंधरा-एच. दरवर्षी नवा द्यावा लागतो. दादांचं उत्पन्न करात बसणारं, त्यामुळे ते फॉर्म देत नसत. आईचा मात्र ते आपल्या वळणदार अक्षरात भरायचे, आई खाली सावकाश सही करायची, कारकून शिक्का मारायचा. "झालं काकू. आता वर्षभर तुमचा पैसा कापायचा नाही." आई पदर सारखा करत विजयी मुद्रेनं बाहेर यायची.

त्या फॉर्मनं काहीही होत नव्हतं. एकाही वर्षी नाही.

हे कळलं तेव्हा मी पुण्यात एका ग्राहक गटात नवीन होते. ज्येष्ठांना ठेवीवरचा कर समजावणारं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. उदाहरण म्हणून आपल्याच घरचं घ्यावं, म्हणून दोघांची आयकराच्या वेबसाइटवरची वर्षाची माहिती काढली. आईच्या नावावर बचत खात्याचं नऊशे रुपये व्याज. पुढं कोरं. दादांच्या नावावर त्यांच्या स्वतःच्या ठेवींचं एक लाख चाळीस हजार, आणि आईच्या ठेवींचं बेचाळीस हजार.

मी पत्रकाचं शीर्षक बदललं. "बँकेची लूट" असं मोठ्या टायपात टाकलं आणि पहिल्या गाडीनं संगमनेर गाठलं. दादांना बँकेतच बोलावून घेतलं.

कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग तो दादांचा जुना विद्यार्थी निघाला, त्यामुळे बोलायची पंचाईत. "ताई, पावती दोघांच्या नावावर असली की सिस्टीम व्याज पहिल्या नावावर धरते. फॉर्म काकूंचा आणि पहिलं नाव गुरुजींचं. तो लागणार कुठं? बचत खात्याला, आणि तिथं तर कर कापतच नाही."

"मग पहिलं नाव यांचं कुणी टाकलं?"

त्यानं ठेवीचा जुना अर्ज काढून पुढं ठेवला. अक्षर वळणदार होतं.

दादा चष्मा काढून पुसत बसले. "मी विचारच केला नाही गं," ते म्हणाले. "रेशनकार्ड असंच, लाइटबिल असंच. हात आपोआप तिथं जातो."

मला भांडायला बँक हवी होती, आणि समोर माझा बाप बसला होता. ते पत्रक मी तिथल्याच टोपलीत टाकलं.

घरी येऊन कॅलेंडरच्या पानावर पुन्हा रकाने आखले, या वेळी मी. पेन्शन साडेचार लाख, दोघांच्या ठेवींचं मिळून व्याज एक लाख ब्याऐंशी हजार. पेन्शनवरची पन्नास हजारांची वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची सवलत काढली की उरतात पाच लाख बत्तीस हजार. पाच लाखांच्या आत असतं तर कर शून्य होता. वर गेल्यामुळे सतरा हजार. आईचे बेचाळीस हजार काढले की दादांचे चार लाख नव्वद हजार उरत होते. म्हणजे सगळा कर केवळ नावांच्या क्रमाचा होता, आणि हजार रुपये परत आले म्हणून आम्ही भेळ खात होतो.

"हे कर चुकवल्यासारखं तर होणार नाही ना?" दादांनी विचारलं. सरळ माणूस.

"तुम्ही तुमचे पैसे हिच्या नावावर टाकले असते तर कायद्यानं व्याज तुमचंच धरलं असतं," मी म्हणाले. "पण हे दुधाचे आहेत. तिचेच आहेत. उलट आत्तापर्यंत लिहिलं तेच चूक."

आई दाराशी बसून गवार मोडत होती. ती म्हणाली, "पैसं गेलं त्याचं जाऊ दे. पन सरकारच्या कागदात मी काईच कमवत न्हाई, असं हाय का?"

दादांनी कॅलेंडरचं पान उलटं करून ठेवलं.

"इतकी वर्सं?"

"व्हय," दादा म्हणाले. शाळेत कधी न बोललेली बोली त्यांच्या तोंडून आली.

पहिल्या पावतीची मुदत दिवाळीनंतर संपली. नव्या पावतीचा अर्ज दादांनी आईसमोर सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं. तिला लिहिता येत होतं, पण सवय नव्हती. शेवटी कारकूनच म्हणाला, "सांगा काकू, मी लिहितो. पहिलं नाव?"

आईनं स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं.

"दुसरं नाव?"

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलेलं नव्हतं. मागं न बघताच ती म्हणाली, "त्यांनाच इचारा. मागं उभं हायेत."

दादा इतके हसले की खोकला लागला. त्या दिवशी परतावा नव्हता, तरी भेळ आली.

एकेक करत सगळ्या पावत्या बदलल्या. त्यानंतरच्या वर्षी दादांना परतावा आला चौदा हजार. त्यांनी तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. आईनं वेबसाइटवरची स्वतःची माहिती छापून मागितली आणि तो कागद घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवला, पावत्यांच्याही वर. पैशापेक्षा तिला तो महत्त्वाचा वाटला याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. घरोघर असे डबे आहेत, आणि पत्रकात मी आता सगळ्यात आधी एकच वाक्य छापते: पावती काढा आणि पहिलं नाव वाचा.

दादा गेल्या वर्षी गेले. या एप्रिलात फॉर्म मी भरला, माझ्या वाकड्या अक्षरात. सही तिची. आता तो लागू पडतो. कारकुनानं पावत्या पाहून हळू आवाजात सांगितलं, "काकू, गुरुजींचं नाव आता कमी करावं लागेल. दाखला आणलाय का?"

दाखला माझ्या पिशवीत होता. मी काढायला गेले तर आईनं माझा हात धरला.

"मुदत कधी संपतीय?" तिनं विचारलं.

"दिवाळीनंतर."

"मग तवर राहू द्या," आई म्हणाली. "मागंच हायेत ते. काय नड न्हाई."