शैलजाताईंचा शेवटचा फ्लॅग

शैलजाताईंची पहिली भेट जबलपूरला, नोकरीच्या मुलाखतीत झाली. पॉलिटेक्निक मी अर्ध्यावर सोडले होते.

"काहून सोडलं?" त्यांनी विचारले. वडील आजारी होते, असे मी सांगितले.

"अच्छा. मग ही प्रोग्रामची फाइल बघ, निकामी काय ते सांग."

एक ओळ दाखवायला मी फार वेळ घेतला. "पुन्हा पुन्हा पाहिलं, ताई," मी चाचरत म्हणालो.

"चलो, उद्यापासून ये. घाईवाले खूप आहेत आपल्याकडे."

पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणे हे आमचे काम. तो तयार करताना कोणता भाग घ्यायचा, कोणता वगळायचा हे ठरवणारे स्विच असतात. त्यांना आम्ही फ्लॅग म्हणतो. ज्या ग्राफिक्स कार्डासाठी फ्लॅग घातला ते बाजारातून जाते, फ्लॅग मात्र राहतो आणि प्रत्येक चाचणीत आडवा येतो. असे फ्लॅग काढण्याचे कंटाळवाणे काम ताईंनी मागून घेतले. त्यांचा नियम एकच: ज्याने घातला त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. त्यासाठी एकदा त्या मला स्कूटरवर बसवून ग्वारीघाटला निवृत्त दुबेजींकडे घेऊन गेल्या, सोबत खोव्याची जिलबी. दुबेजी हसले, "अरे बहनजी, मैं तो कब का निकल गया, वो अब तक बैठा है?" तो कशासाठी घातला होता, हे सांगायला मात्र त्यांना दुपार पुरली नाही.

वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी ताई रोज दवाखान्यात डबा आणत आणि माझ्याशी फक्त ऑफिसचेच बोलत. दुसरे काही विचारले तर मला रडू येईल, हे त्यांना कळत असे.

पुढे ताई मुलीकडे पुण्याला गेल्या. काढायचा एकच फ्लॅग उरला होता, तो त्यांनीच घातलेला. नियमाप्रमाणे त्यांना विचारायला हवे होते. मी लांबवत राहिलो. विचारायचे काही शिल्लक आहे तोवर ताई पूर्ण गेलेल्या नाहीत, असे वाटे. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो, तेव्हा अखेर फोन केला.

"काढून टाक रे. त्याच्यासाठी थांबून राहिला होता का?"

"तो निघाला की विचारायला काही राहणार नाही, ताई."

मग म्हणाल्या, "मी जेवली का, ते विचारत जा. ते काही जुनं होत नाही."

त्याच दुपारी मी फ्लॅग काढला. चाचण्या बरोबर आल्या.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पुण्याची हवा त्यांना मानवो. इतकी मात्र नको, की जबलपूर आठवू नये. खिडकीजवळची त्यांची खुर्ची आम्ही अजून कुणाला दिलेली नाही.