मावशीच्या गाडीतला दगड

दगड फेकला तेव्हा भाचेसाहेबांचा हेतू अगदी स्वच्छ होता. मावशीची गाडी ती केवढी, आणि त्यात पुढच्या सीटवर चांगला पाच-सहा किलोचा धोंडा ऐसपैस बसलेला. म्हातारपणी माणूस काय काय साठवतं, असं मनाशी म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि दुकानासमोर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या दगडांच्या ढिगावर भिरकावला. वर फडक्याने सीटही पुसली.

या सेवेचं फळ अर्ध्या तासात पदरात पडलं. डोंगराच्या तिसऱ्या वळणावर, जिथे रस्ता भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा राहतो, तिथे भाचेसाहेबांनी गिअर बदलला. गाडीने एक उचकी दिली आणि इंजिन बंद पडलं. त्यांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. गाडीने दोन्हींचा मान राखून घटकाभर विचार केला आणि हळूहळू मागे निघाली.

"दगड!" शेजारी बसलेली मावशी ओरडली. तिने दार उघडून एक पाय बाहेर काढलासुद्धा होता. "दगड दे लवकर!"

"कुठला दगड?"

"अरे, सीटवरचा! मागे ठेवलास ना?"

"तो... मी फेकला."

मावशीने पाय आत घेतला, दार लावलं, मांडीवरची पेटी पोटाशी धरली आणि म्हणाली, "मग स्टिअरिंग सरळ धर आणि गप्प बस."

गाडी वीसेक हात मागे आली आणि वळणाखालच्या सपाट जागेवर मातीच्या बांधाला पाठ टेकून थांबली. मागचा एक दिवा फुटला. पेटीचं झाकण उघडून सात चष्मे गाडीभर पसरले. त्यातला एक भाचेसाहेबांच्या मांडीवर येऊन पडला आणि त्यांच्याकडे बघत बसला.

आता हे भाचेसाहेब मुळात इथे आले कशाला, तर किल्ली काढून घ्यायला.

मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. वय अडुसष्ट. डोंगराच्या पायथ्याशी तिचं चष्म्यांचं दुकान. एक खोली, तीत भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि खिडकीपाशी काच घासायचं यंत्र. डोंगरावरच्या वस्तीत म्हातारीकोतारीच जास्त. त्यांना खाली उतरणं जमत नाही, म्हणून दर गुरुवारी मावशी पेटी घेऊन वर जाते. कोणाची काडी मोडलेली, कोणाचा नंबर वाढलेला, कोणी चष्म्यावरच बसलेलं. सव्वीस वर्षं हेच चाललं आहे आणि गाडीही तीच आहे. गाडीचं इंजिन शिवणयंत्राचं थोरलं भावंड शोभेल असं, आवाजही तसाच.

आणि गेल्या आठवड्यात कोणीतरी आईच्या कानावर घातलं, की तुमची बहीण हल्ली डोंगर उलटा चढते. म्हणजे गाडीची पाठ पुढे आणि तोंड मागे. आईने फोन ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "संपलं," ती म्हणाली. "डोक्यावर परिणाम झाला तिच्या. तू जा आणि गोड बोलून किल्ली घेऊन ये. नुसता चहा पिऊन येऊ नकोस."

भाचेसाहेब या कामाला योग्य होते. ते सरकारी खात्यात इमारतींच्या लिफ्ट तपासतात. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते जिथे जिथे वर गेले, तिथे बटण दाबूनच गेले. पण सकाळी दुकानात बसल्यावर त्यांच्या तोंडून 'किल्ली' हा शब्द काही निघेना. शेवटी "आज मी चालवतो, तू आराम कर" एवढंच निघालं. मावशीने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, किल्ली हातात दिली आणि पेटी आणायला आत गेली. तेवढ्या वेळात भाचेसाहेबांनी गाडी साफ केली. पुढचं आपल्याला माहीतच आहे.

मावशीने चष्मे गोळा केले. सहा धड होते. सातव्याची उजवी काच निखळून सीटखाली गेली होती. ती हातात घेऊन तिने उजेडात धरली, पदराने पुसली, पुन्हा धरली.

"चरा नाही गेला," ती म्हणाली. "नशीब तुझं. हा टेलरमास्तरांचा आहे."

"कोण टेलरमास्तर?"

"वर राहतात. डोळ्याचं ऑपरेशन झालं, जुना चष्मा निकामी झाला. तीन आठवडे झाले, सून रोज कामावर जायच्या आधी दहा सुया ओवून मशीनशेजारच्या छोट्या गादीला टोचून ठेवते. त्या दहा सुयांवर मास्तर दिवस काढतात. दहावी संपली की मशीनवर हात ठेवून बसून राहतात, सून येईपर्यंत. आज चष्मा आणते म्हणून मी शब्द दिलाय. काच धर."

तिने बॉनेटवर रुमाल पसरला. पेटीतून काडीएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला. भाचेसाहेबांनी दोन बोटांत काच धरली आणि मावशीने तिळाएवढा स्क्रू एका दमात बसवला. तिचा हात जराही थरथरत नव्हता.

"मावशी, आपण फोन करून कोणाला तरी खाली बोलवू या का? ही गाडी काही चढत नाही."

"गाडी चढते. तू सांगितलेल्या गिअरमध्ये चढत नाही." मावशी स्टिअरिंगमागे बसली. "या वळणांची नावं माहीत आहेत तुला? मीच ठेवलीत. पहिली जाऊ. जरा कुरकुरते, पण जाऊ देते. दुसरी नणंद. तिच्याशी नीट वागलं तर काही म्हणत नाही. आणि ही सासू. हिच्यासमोर तोंड वर करून गेलं की अडवते. पाठ फिरवली की बिनबोभाट सोडते."

असं म्हणून तिने सपाट जागेवर दोन हेलकाव्यांत गाडी फिरवली. आता गाडीचं ढुंगण डोंगराकडे आणि तोंड दरीकडे. आईने ऐकलं होतं ते हेच.

"रिव्हर्स गिअर पहिल्यापेक्षाही ताकदीचा असतो हिचा," मावशी खिडकीतून म्हणाली. "शिवाय इंजिन पुढे, आणि ओढणारी चाकंही पुढचीच. तोंड वर केलं की सगळा भार मागे जातो, पुढची चाकं नुसती रस्ता खरवडतात. पाठ वर केली की भार बरोबर चाकांवर. कळलं? आता एक दगड शोध आणि बाजूने चालत ये. मी 'लाव' म्हटलं की पुढच्या चाकाच्या खालच्या अंगाला लावायचा. समोर चालू नकोस, माझा ब्रेक तुझ्याएवढाच भरवशाचा आहे."

"मी गाडीत नको बसू?"

"वजन किती तुझं?"

"शहाऐंशी."

"मग चाल."

गाडी निघाली. मावशी मान वळवून मागच्या काचेतून बघत होती, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर. इंजिन एका सुरात रडत होतं, पण रडत रडत चढत होतं. भाचेसाहेब दगड पोटाशी धरून शेजारून चालत होते. शर्ट पाठीला चिकटला, दगडाच्या ओझ्याने बाही उसवली, श्वास भात्यासारखा झाला. गाडीचा वेग असा, की दोघांना खिडकीतून आरामात बोलता यावं. म्हणजे मावशीला यावं.

"तुझे काका असेच चालायचे," ती म्हणाली. "चढण लागली की उतरायचे. दोघांचं वजन हिला झेपायचं नाही. गाडी मी चालवायची, कारण त्यांचा डाव्या-उजव्याचा फार घोळ. दिवसभर लोकांना सांगायचे, डावा डोळा झाका, आणि स्वतः उजवीकडे बघायचे. अकरा वर्षं तो दगड घेऊन माझ्या बाजूने चालले. एकदाही म्हणाले नाहीत की मोठी गाडी घेऊ. म्हणायचे, एवढ्या जवळून तू एरवी बोलतेस कुठे? लाव!"

भाचेसाहेबांनी दगड लावला. इंजिनाने दम खाल्ला, भाचेसाहेबांनीही खाल्ला.

"आणि... काका गेल्यावर?"

"मग एकटीच. गाडी हलकी झाली. नको इतकी हलकी झाली."

"पण मावशी, तू एकटी असताना तो दगड लावणार कोण?"

मावशीने शेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवला. ती मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली. भाचेसाहेबांना एकदम सीट पुसलेलं फडकं आठवलं, आणि चढणीने झाला नसेल एवढा त्यांचा चेहरा लाल झाला.

"काढ दगड," मावशी म्हणाली. "जाऊ या."

टेलरमास्तर दारातच उभे होते. वरून त्यांना गाडीचा आवाज कळत असे.

"बाई, आज उशीर? आणि हे कोण? गाडीमागे धावत आले का?"

"भाचा आहे माझा. लिफ्टमधला."

मास्तरांना याचा अर्थ लागला नाही, पण त्यांनी खुर्ची दिली. मशीनशेजारच्या सुयांच्या गादीवर एकच ओवलेली सुई उरली होती. मावशीने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, काड्या कानामागे दाबून पाहिल्या, एक पाऊल मागे सरली. मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भाचेसाहेबांच्या उसवलेल्या बाहीकडे. मग रिकामी सुई उचलली, दोरा जिभेवर ओला केला आणि हात पुढे नेला.

पहिल्याच झटक्याला दोरा आरपार गेला.

मास्तरांनी दुसरी सुई ओवली. मग तिसरी. गरज नसताना एकेक करत रिकाम्या नऊच्या नऊ ओवल्या आणि गादीला ओळीने टोचल्या. "सुनेला दाखवीन," ते म्हणाले. मग त्यांनी भाचेसाहेबांची बाही ओढून घेतली आणि न विचारता शिवून टाकली.

उतरताना सासूने काही त्रास दिला नाही. पायथ्याशी येऊन गाडी दुकानासमोर थांबते न थांबते तोच भाचेसाहेबांचा फोन वाजला.

"घेतलीस का किल्ली?" आईचा आवाज मावशीलाही ऐकू येईल एवढा खणखणीत होता.

"नाही. आई, मावशी गाडी उलटी चढवते ना, ती बरोबर चढवते."

"म्हणजे तुझ्याही डोक्यावर परिणाम झाला?"

"झाला असेल," असं म्हणून भाचेसाहेबांनी फोन खिशात टाकला आणि थेट दगडांच्या ढिगावर चढले. तिथे हजार तरी दगड होते आणि सगळे एका आईची लेकरं. त्यांनी एक आणला. मावशीने मान हलवली. दुसरा आणला. तिने पाहिलंही नाही. तासाभराने नवी शिवलेली बाही पुन्हा उसवली, नखांत माती गेली, आणि मग ढिगाच्या पलीकडच्या अंगाला त्यांना तो सापडला. एक बाजू चाकाने घासून सपाट झालेली, तिच्यावर रबराचे काळे पट्टे, आणि दुसऱ्या बाजूला हातांनी धरून धरून आलेली गुळगुळीत चमक.

मावशी गाडीला टेकून उभी होती. तिने दगड पाहिला आणि पुढचं दार उघडलं. भाचेसाहेबांनी तो जपून सीटवर ठेवला, जरा डावीकडे सरकवला, पडणार नाही ना ते पाहिलं. मग किल्ली मावशीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पण मावशी, मग पुढच्या गुरुवारी मी कुठे बसायचं?"

"तू चालायचंस."