आम्ही गूळ मागितला

उद्यमबागेतल्या त्या नळांच्या कारखान्यात आमच्या कामगार संघटनेने एकच लढाई जिंकली, ती गुळाची. पत्रक मीच लिहिलं होतं. ‘धूर आमच्या छातीत, नफा तुमच्या खिशात! प्रत्येक कामगाराला रोज गूळ मिळालाच पाहिजे!’ गुळाने छातीतला धूर निघून जातो, असं तिथला प्रत्येक जण मानतो. मीही मानत होतो. मालकाने पंधरा दिवसांत मागणी मान्य केली. इतक्या लवकर का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. आम्ही फटाके लावले.

माझा चुलत भाऊ, आम्हा सगळ्यांचा अण्णा, तिथे पितळेचे नळ उजळायच्या टाकीवर होता. पितळ नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं की चकाकतं, आणि तांबूस धूर उठतो. त्या सकाळी धूर बाहेर ओढणारा पंखा जळालेला होता. तरी सुपरवायझरने माल काढायला लावला. मी गेटवर पत्रकं वाटत होतो. अण्णा बाहेर आला, दोनदा खोकला, गुळाचा खडा तोंडात टाकला.

“दवाखान्यात जाऊया का?”

“कशाला रं? तुझाच गूळ खाल्लोय की! लईच झालं तर आणि एक पत्रक काढ.”

सगळे हसले. मीही. तो सुट्टी टाकून मोटारसायकलवरनं खासबागला घरी गेला.

संध्याकाळी त्याला धाप लागली, ओठ निळे पडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, “सकाळीच का नाही आणलं?” तो वायू नायट्रोजन डायऑक्साईड, त्या म्हणाल्या. घशात फारसा विरघळत नाही, म्हणून फार झोंबतही नाही. खाली फुफ्फुसात उतरतो, तिथल्या ओलीत त्याचं ॲसिड होतं, आतलं अस्तर जळतं आणि काही तासांनी फुफ्फुसं पाण्याने भरतात.

“गूळ खाल्ला होता,” मी म्हणालो.

“गूळ पोटात जातो.”

नंतर मी वाचत सुटलो. याच कुळातला नायट्रिक ऑक्साईड आपलं शरीर स्वतःच बनवतं, अगदी किंचित, रक्तवाहिन्या सैल ठेवायला. वाचून काय उपयोग? मला घोषणा जुळवायला शिकवलं होतं, आधी वाचायला नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा गेला. मालक म्हणतो, त्रास घरी झाला, कारखान्यात नाही. माणूस गेटवरनं धडधाकट गेला, दहा जणांनी पाहिलंय. त्या दहांतला एक मी.

बाराव्यानंतर वहिनीने मला आत बोलावलं.

“त्यो निघाला तवा तू गेटवर हुतास न्हवं?”

“व्हय.”

“लई खोकत हुता?”

“न्हाय वहिनी. हसत हुता.”